दाखल्यातला शब्द आणि घराखालची जमीन

अपमानाचे चिन्ह हटवले की अपमान संपतो का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभर विचारला गेला. कुठे पुतळे उतरवले गेले, कुठे झेंडे, तर कुठे रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या पाट्या बदलल्या. आपल्याकडे हा प्रश्न पुतळ्यांपेक्षा नावांचा अधिक आहे. आपल्या समाजाने तिरस्कार दगडात फारसा कोरला नाही. तो भाषेत साठवला, आणि तिथून तो वस्तीच्या नावात, आडनावात, शाळेच्या रजिस्टरात आणि सरकारी यादीत आपोआप उतरला. म्हणून पुतळा हटवणे आणि शब्द हटवणे या दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे आधी पाहायला हवे.

आम्ही काही मित्रमंडळी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत कागदपत्रांच्या कामाला हातभार लावत असतो. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डात नाव घालणे असे या कामाचे स्वरूप. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून हे तालुके पालघरमध्ये आहेत. इथल्या दर दहा माणसांत नऊ जण आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि ढोर कोळी. यातले शेवटचे नाव वाचताना वाचक क्षणभर अडखळला असेल, तर या लेखाचा विषय त्याच्या लक्षात आला आहे.

‘ढोर’ म्हणजे गुरे. एखाद्याला ढोर म्हणणे ही मराठीत शिवी आहे. हा शब्द एका मानवी समूहाच्या नावाला का चिकटला, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की हे लोक गुरांचे मांस खात. कातकऱ्यांतही सोन काथोडी आणि ढोर काथोडी असा भेद याच कारणाने केला जातो, आणि १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही तो आढळतो. ज्यांनी हे नाव दिले त्यांना खाण्याची एक सवय दिसली आणि तिच्या जोरावर त्यांनी माणसांची प्रतवारी लावली. पुढे ही प्रतवारी राज्यघटनेच्या आधाराने निघालेल्या आदेशात आली. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आजही ‘कोळी ढोर, टोकरे कोळी, कोलचा, कोलघा’ अशी एक नोंद आहे आणि काथोडींच्या नोंदीत ‘ढोर काथोडी’ आहे. टोकर म्हणजे बांबू. बांबूच्या टोपल्या विणणारे ते टोकरे कोळी. एकाच नोंदीत एक नाव हातातल्या कसबावरून पडलेले आणि दुसरे हिणवण्यातून आलेले, असे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

आता यातली खरी अडचण सांगितली पाहिजे. जातीचा दाखला मिळवायचा तर अर्जदाराला आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून इथले असल्याचे दाखवावे लागते, आणि जमातीची नोंद जितकी जुनी तितकी ती भक्कम मानली जाते. मग शोध सुरू होतो: आजोबांचे नाव असलेले शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, एखादा मोडीतला जुना कागद. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि हे घराणे स्वतः महादेव कोळी होते. म्हणजे इथे राजा आदिवासी होता. तरीही जंगलपट्टीतल्या माणसाची नोंद करणाऱ्या हातांनी त्याला ‘ढोर’ म्हणूनच लिहिले. दाखला मिळाल्यावर २००१ च्या कायद्याखाली पडताळणी होते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात स्पष्ट केले की अनुसूचित जमातींची यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची. तिच्यात भर घालण्याचा किंवा काही वगळण्याचा अधिकार राज्य सरकारला नाही आणि न्यायालयालाही नाही. अनुच्छेद ३४२ नुसार तो फक्त संसदेला आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या शब्दाने आजोबांना हिणवले गेले तोच शब्द नातवाच्या वसतिगृहाची किल्ली आहे. अर्ज भरताना अकरावीत जाणाऱ्या एका मुलाने आम्हाला विचारले, ‘सर, इथे दुसरं काही लिहिता नाही येत का?’ आम्ही म्हटले, टोकरे कोळी हे नाव यादीत आहे, पण जुन्या नोंदीशी जुळले नाही तर पडताळणीत शंका निघेल. त्याच्या आजोबांच्या नोंदीत स्वच्छ अक्षरात ‘ढोर कोळी’ लिहिले होते. त्याने सही केली आणि म्हणाला, ‘म्हणजे आजोबांना जे चिडवलं, त्याच्यावर मला हॉस्टेल मिळणार.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने व्यवहार समजून घेतला होता, आणि तो समजून घेण्याचे वय सोळा असावे याचे वाईट आम्हाला वाटत राहिले.

तेव्हा हा शब्द काढून टाकावा का? काढावा, असे आमचे मत आहे. पण तो कोणी काढावा, कसा काढावा आणि त्याच्याबरोबर काय यावे, याचा विचार न करता काढला तर त्या मुलाचे नुकसान होईल. या विषयावर दोन टोकाची मते नेहमी ऐकू येतात. एक असे की नावात काय आहे, पोटापाण्याचे बघा. दुसरे असे की नाव बदलले म्हणजे काम झाले. दोन्ही मते सोयीची आहेत आणि इतिहास दोघांनाही साथ देत नाही.

पहिल्या मताला मराठवाड्याने उत्तर दिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. घरे जळली, माणसे मारली गेली. ठराव अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला आणि तेव्हाही नामांतराऐवजी नामविस्तार झाला. नावात काही नसते तर ते रोखण्यासाठी सोळा वर्षे कोणी एवढी ताकद लावली नसती. नावावर मालकी कोणाची, हा प्रश्न गावावर मालकी कोणाची या प्रश्नाइतकाच जुना आहे. म्हणून नावाची मागणी करणाऱ्याला ‘आधी भाकरीचे बघ’ असे सांगणारा माणूस बहुधा भाकरीही देत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसऱ्या मताचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांसारखी जातिवाचक वस्ती-नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय योग्यच होता. पत्ता सांगताना जात सांगावी लागणे ही शिक्षाच आहे. पण वाडा गावाच्या ज्या कडेला होता तिथेच नगर राहिले. स्मशानाची वाट, पाण्याची रांग आणि गावठाणाची हद्द पाटीबरोबर सरकली नाही. आणि गावातल्या माणसाला जात ओळखायला पाटी लागतच नाही. नवे नाव ऐकून तो जुना अर्थ काढतो, आणि थोड्याच काळात नवे नावही जुन्यासारखे उच्चारले जाऊ लागते.

शब्द हटवण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक सावधपणे पाहावा लागतो. कधी कधी शब्द हटतो तो दुखावलेल्याच्या सोयीसाठी नसतो, शासनाच्या सोयीसाठी असतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुले मोठ्या संख्येने दगावली आणि महाराष्ट्राला या डोंगरांचे नाव कळले. त्या वेळेपासून वाद आहे तो शब्दाचा. लोक भूकबळी म्हणतात, कागद कुपोषण म्हणतो आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिला जातो. वैद्यकीयदृष्ट्या यातले काही खोटेही नसते. उपाशी शरीराला अखेरचा धक्का कसला तरी आजारच देतो. पण जो शब्द काढला गेला त्याच्यासोबत जबाबदारी निघून गेली. भुकेला कोणीतरी उत्तर द्यावे लागते, न्यूमोनियाला द्यावे लागत नाही. जे शब्द ऐकवत नाहीत ते सगळेच काढायचे ठरवले, तर तिरस्काराच्या शब्दांबरोबर आरोपाचे शब्दही जातात.

एक जुने उदाहरण याच अंगाने तपासता येते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि ते समाज विमुक्त म्हणवले जाऊ लागले. इतका क्रूर शिक्का कायद्याने पुसला, याचे मोल मोठे आहे. पण राज्याराज्यांत सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि पोलिसांची नजर पूर्वीच्याच घरांवर राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांत जातीनुसार कामे वाटण्याच्या तरतुदी राहिल्या, नोंदवहीत जातीचा रकाना राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो रकाना काढण्याचा आदेश दिला. शिक्का पुसण्यापासून रकाना पुसण्यापर्यंत बहात्तर वर्षे गेली. शब्द एका दिवसात रद्द होतो. त्या शब्दाने लावलेल्या सवयी कचेरीत वारसाहक्काने पुढे जातात.

दुःखाचा प्रश्न याहून वेगळा आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टन शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एका वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना ठार केले. राज्य विधानभवनावरचे ध्वज शोकाने अर्ध्यावर उतरवले गेले. आवारातला गुलामगिरीवाल्या संघराज्याचा झेंडा मात्र पूर्ण उंचीवर राहिला, कारण तो हलवायला विधिमंडळाची संमती लागणार होती. मृतांपैकी एक, क्लेमेंटा पिंक्नी, त्या चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर होते. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी त्याच विधानभवनात आणले गेले, तेव्हाही झेंडा आवारात होता. १० जुलैला तो उतरवला गेला. झेंडा तिथे असणे हा शोकात मिसळलेला अपमान होता, आणि तो गेला हे चांगले झाले. पण तो गेल्याने नऊ घरांचा शोक संपला नाही, संपणारही नव्हता. मारेकऱ्याला ज्या पार्श्वभूमी-तपासणीने बंदूक मिळायला नको होती ती तपासणी चुकली होती. मृतांच्या आणि बचावलेल्यांच्या कुटुंबांनी दावा केला आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने ८ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. पैशाने माणूस परत येत नाही. पण कुठे काय चुकले याचा हिशेब सरकारला द्यावा लागला, आणि शोकाला हिशेबाची गरज असते.

मोखाड्याकडे परत येऊ. २०२१ मध्ये या तालुक्यातल्या एका कातकरी मजुराने आत्महत्या केली आणि त्यानंतर वेठबिगारीचा गुन्हा नोंदवला गेला. तक्रार अशी होती की मुलाच्या अंत्यविधीच्या कापडासाठी उचललेल्या पाचशे रुपयांपोटी त्याला राबवून घेतले जात होते. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच बंद झाली आहे. त्याआधी १९४५ मध्ये शेजारच्या तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, गोळीबार झेलला, आणि गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये त्याची हकीकत लिहिली. म्हणजे ‘वेठ’ हा शब्द लढ्याने हटवला, कायद्याने हटवला, पुस्तकाने त्याची लाज वाटायला लावली. आणि तरीही एक बाप आपल्या मुलाच्या कापडाचे कर्ज फेडत होता. त्या घराच्या दुःखासमोर आमच्या नावांच्या चर्चा किती दूर उभ्या आहेत, याची जाणीव ठेवूनच पुढचे लिहिले पाहिजे.

कातकरी हे नाव तिरस्काराचे नाही. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. पुढे जंगल कायद्यांनी खैर त्यांच्या हातून गेला. मग ते कोळशाच्या भट्ट्यांवर गेले आणि आता दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. नाव राहिले, कसब गेले. केंद्र सरकार त्यांना कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर ‘आदिम जमाती’ म्हणत असे. २००६ मध्ये ‘आदिम’ हा शब्द वगळला गेला आणि ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ असे नामकरण झाले. ‘आदिम’ म्हणणे म्हणजे या लोकांना काळात मागे ढकलणे होते. तो शब्द जाणे रास्तच. मात्र नव्या नावातली असुरक्षितता कुठून येते, हे नाव सांगत नाही. अनेक कातकरवाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. घर बापजाद्यांचे, जमीन दुसऱ्याची. पंतप्रधान जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात या गटांसाठी घरे मंजूर होतात, पण घर बांधायला आधी जागा आपली असावी लागते. एका वाडीवर आम्ही लोकांना विचारले की वाडीचे नाव बदलावेसे वाटते का. एक आजी म्हणाल्या, ‘नाव राहू दे रं बाबांनो, जागा नावावर करा.’

त्यांच्या या उत्तरावरून नाव गौण ठरवायचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण त्या मुलाला शब्द नको होता आणि आजींना जमीन हवी होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘कातकरी’ हे स्वतःच्या हातांचे नाव आहे, ‘ढोर’ हे दुसऱ्याच्या तोंडचे. कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ज्याचे नाव आहे तोच सांगू शकतो. बाहेरच्याने परस्पर ठरवले तर चांगल्या हेतूनेही जुनीच रीत चालू राहते: नाव देणारे आम्ही, घेणारे तुम्ही.

कौतुकाचेही असेच आहे. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रे देशभरच्या भिंतींवर पोहोचली. हॉटेलच्या भिंतीवर तारपा वाजतो, लग्नाच्या पत्रिकेवर फेर धरला जातो. हे वाईट नाही. पण चिन्ह डोक्यावर घेतल्याने माणूस शेजारी बसवला जात नाही, आणि चिन्ह काढल्यानेही तो आपोआप बसत नाही. दोन्ही कृतींत एक धोका समान आहे: करणाऱ्याला आपण काही केले असे वाटते आणि तिथेच थांबावेसेही वाटते.

मग एखादे हटवणे खरे की दिखाऊ, हे कसे ओळखावे? आमच्या अनुभवातून तीन प्रश्न उपयोगी वाटतात. मागणी कोणाची होती? निर्णयात त्यांचा हात होता का? आणि शब्दाबरोबर सत्तेचा, जमिनीचा किंवा पैशाचा एखादा तुकडा तरी हलला का? या कसोटीवर एक साधी, कमी गाजलेली तरतूद उतरते. २०१४ च्या महाराष्ट्राच्या पेसा नियमांनुसार एखादा पाडा स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याचा ठराव करू शकतो. पाड्याचे गाव झाले की त्याची स्वतःची ग्रामसभा येते आणि गौण वनोपज व साधनांबद्दल बोलण्याचा अधिकार येतो. तिथे नाव बदलते ते लोकांच्या ठरावाने, आणि नावाच्या पोटात अधिकार असतो.

‘ढोर’ शब्दाबाबतही असा मार्ग आहे. २०२३ मध्ये संसदेने छत्तीसगढच्या यादीत काही जमातींच्या नावांचे उच्चारभेद पर्याय म्हणून घातले, म्हणजे यादी बदलता येते. महाराष्ट्रातल्या या नोंदींतून हिणवणारे विशेषण काढावे आणि त्याच दुरुस्तीत लिहावे की जुन्या कागदांतली ‘ढोर कोळी’ किंवा ‘ढोर काथोडी’ ही नोंद नव्या नावाचा पूर्ण पुरावा मानली जाईल. असे झाले तर मुलाच्या दाखल्यावर शब्द राहणार नाही आणि आजोबांच्या नोंदीची किंमतही जाणार नाही. अर्थात त्याआधी त्या समाजांच्या ग्रामसभांनी तशी मागणी करायला हवी. ती मागणी लिहून काढायला लागेल ते टंकलेखन आम्ही आनंदाने करू.

जुनी रजिस्टरे मात्र जपावीत. त्यांतला एक शब्दही खोडू नये. कारण उद्या कोणी म्हणेल की असे काही नव्हतेच, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. तेव्हा कोणा गुरुजींनी किंवा कारकुनाने सुबक अक्षरात लिहिलेला तो शब्द साक्षीला लागेल. जिवंत माणसाच्या अंगावरून शब्द उतरवावा आणि इतिहासाच्या वहीत तो तसाच ठेवावा. हे दोन्ही एकाच वेळी करता येते. त्याने शोक संपत नाही, पण शोक करणाऱ्याला आपले दुःख खरे होते हे सिद्ध करण्याचे ओझे तरी उरत नाही. उरलेले काम जमिनीचे, मजुरीचे आणि पोटाचे आहे, आणि ते पाटी रंगवून होणारे नाही.